तो आदलो खंय गेलो?

गेल्या जुलैतला एक रविवार. फोंड्याला मैत्रिणीच्या घरी सोप्यावर आम्ही तिघं बसलो होतो: मी, ती आणि तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळं घर अजून 'बाब' म्हणतं. पाऊस पहाटेपासून कौलांवर कोसळत होता. मधे पातळ भाजीच्या वाट्या, पाव, आणि तासभर चिघळलेला वाद.

"ब्रिगेडिअर १९७६ साली निवृत्त झाला," बाब म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं सांगतो तो."

"मग १९८० साली तो कामावर कसा?"

"१९८० कुणी सांगितलं?"

"सॅरानं. तीही स्वतःच्याच तोंडानं सांगते."

मावशी आतल्या दाराशी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी हातातला कापूस ताटलीत ठेवला. उभी नोकरी त्यांनी सरकारी लेखा खात्यात काढलेली. "अगे बाय," त्या मला म्हणाल्या, "अशा गोष्टी तोंडी सांगण्यावर ठरत नाहीत. त्याचं सर्व्हिस बुक काय म्हणतं?"

मैत्रिणीनं सांगितलं, आई, हा माणूस खरा नाही, टीव्हीवरच्या मालिकेतला आहे. मावशींना त्यानं काहीच फरक पडला नाही. "असू दे ना. नोकरी केली ना त्यानं? मग नोंद असणारच."

एका भागात सांगितलेलं पुढच्या भागाशी जुळतं की नाही, याला जगभरचे चाहते कंटिन्युइटी म्हणतात. आम्हीही तेच म्हणायचो. त्या रविवारपासून आमच्या तिघांत त्याचं नाव सर्व्हिस बुक पडलं आहे.

ब्रिगेडिअरचा वाद जुना आहे, आमच्याहूनही जुना. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका, काळातून भटकणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या एका परग्रहवासीची, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिची पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेन यांनी. लखनौत जन्मलेला हा मुलगा तेव्हा पंचविशीचाही नव्हता. हे कळलं त्या दिवशी ती मालिका सातासमुद्रापलीकडून उठून माझ्या शेजारी येऊन बसली. ब्रिगेडिअर लेथब्रिज-स्ट्युअर्ट तिच्यात आला १९६८ मध्ये, तेव्हा तो कर्नल होता. निकोलस कोर्टनी हा नट ते काम करायचा. पुढे कर्नलचा ब्रिगेडिअर झाला आणि परग्रहांवरून येणाऱ्या संकटांशी झुंजणाऱ्या 'युनिट' या फौजेचा प्रमुख झाला. काळ थोडासा पुढचा, उद्यापरवाचा, असा लेखकांचा अंदाज होता. कर्नलच्या पहिल्या कथेत एक म्हातारा प्राध्यापक हिमालयातल्या १९३५ सालच्या प्रसंगाला चाळीसहून जास्त वर्षं झाली म्हणतो. म्हणजे १९७५ उलटून गेलेलं. डॉक्टरची आणि त्याची पुढची भेट त्यानंतर चार वर्षांनी. १९७५ मध्ये दाखवलेल्या एका कथेत सॅरा जेन, जी ब्रिगेडिअरच्याच काळात वावरते, आपण १९८० सालातून आलो असं सांगते. इथवर सगळं एका सुतात आहे. आणि मग १९८३ साली एक कथा येते, तिच्यात हाच ब्रिगेडिअर १९७७ मध्ये एका शाळेत गणित शिकवतोय आणि फौजेतून निवृत्त होऊन त्याला वर्ष झालंय.

आता, हे असं का झालं? त्या कथेत शाळामास्तर हवा होता, कारण मालिकेच्या अगदी पहिल्या कथेतला विज्ञानशिक्षक वीस वर्षांनी परत आणायचा असा मूळ बेत होता. तो नट मोकळा नव्हता. कथा तर बांधून झालेली. मग कोर्टनीला बोलावलं, ब्रिगेडिअरच्या हाती खडू दिला, आणि त्या गडबडीत त्याची नोकरीची चार-पाच वर्षं हिशेबातून गळून पडली. पुढे २००८ मध्ये डॉक्टरच्याच तोंडी एक वाक्य घातलं गेलं: मी युनिटमध्ये होतो सत्तरच्या दशकात, की ऐंशीच्या? लिहिणारेही आता आमच्यासारखेच, लहानपणी या तारखा जुळवत बसलेले.

मला या कारणाचं मोल उत्तराहून जास्त वाटतं. १९७६ की १९८०, हे कधीच सुटणार नाही. पण एक नट एका महिन्यात दुसरीकडे गुंतला होता आणि त्यामुळे एका कल्पित माणसाच्या आयुष्याची घडी विस्कटली, हे कळलं की पडद्यावरचं आयुष्य आणि पडद्यामागचं आयुष्य एकाच दोऱ्याला बांधलेलं दिसतं. इकडे ओढलं की तिकडे हलतं.

ब्रिगेडिअरचा जन्मच मुळी असा झाला. १९६८ च्या त्या कथेत कर्नलचं काम दुसऱ्याच नटाला दिलं होतं, आणि कोर्टनीकडे होता कॅप्टन नाइट. कर्नल होणारा नट दुसरं काम मिळालं म्हणून निघून गेला आणि दिग्दर्शकानं कोर्टनीला एक पायरी वर चढवलं. कॅप्टन नाइट त्या कथेत मारला जातो. म्हणजे तो पहिला नट टिकला असता, तर कोर्टनी चार भागांत संपला असता. एवढ्या बारीकशा दोऱ्यावर पुढची चाळीस वर्षं लोंबकळत होती.

आणि त्या सर्व्हिस बुकाचं पहिलं पानच गहाळ आहे. साठच्या दशकात टेप महाग होती. एकदा दाखवलेला भाग कुणी पुन्हा घरी बसून पाहील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून बीबीसीत जुन्या टेप पुसून त्यांच्यावर नवं चित्रित करत. 'डॉक्टर हू'चे शंभरांवर भाग असे गेले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात, एका दूरचित्रवाणी केंद्रात फिल्मचे डबे मिळाले आणि नऊ हरवलेले भाग परत आले. तरीही ९७ उरलेच. त्या डब्यांत कर्नलच्या पहिल्या कथेचे चार भाग होते. सहापैकी एक आधीपासून होता. राहिला फक्त तिसरा, आणि कर्नल पहिल्यांदा समोर येतो तो नेमका तिसऱ्या भागात.

पण आवाज आहे. हरवलेल्या एकूण एक भागाचा आवाज आहे, कारण इंग्लंडमधल्या घराघरांत पोरं टेपरेकॉर्डरचा माइक टीव्हीच्या स्पीकरला लावून श्वास रोखून बसत. मधेच कुणी खोकू नये म्हणून दार लावून घेत असतील. आईची भांडी वाजू नयेत म्हणून तिला हातापाया पडत असतील. त्या पोरांना मी ओळखते असं मला वाटतं.

कारण माझ्याकडे वही होती. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळातली, ७९ भागांची. आमच्यापर्यंत पोचायला तिला पंधराएक वर्षं लागली, पण आमच्या वाड्यावर ती ताजीच होती. कौलांवरचा अँटेना वाऱ्यानं फिरला की अंतराळातही मुंग्या आणि बाहेरही मुंग्या. लायट गेली की भाग गेला. तो परत कधी दिसणार नाही, हे गृहीतच होतं. म्हणून दोनशे पानी वहीत मी प्रत्येक रविवार लिहून ठेवायचे: तारीख, कुठला ग्रह, कोण मेलं, आणि सुरुवातीला कॅप्टन कर्क आपल्या रोजनिशीत सांगतो तो आकडा. स्टारडेट. हे आकडे पुढं-मागं उड्या मारत. मी सुट्टीत बसून ते चढत्या क्रमानं लावून पाहिले. एका आठवड्यात मेलेला खलाशी पुढच्या आठवड्यातल्या आकड्यात जिवंत निघे. मला वाटायचं, माझंच लिहिताना चुकलं असणार.

फार नंतर कळलं की चूक माझी नव्हती. भाग ज्या क्रमानं चित्रित झाले त्या क्रमानं दाखवलेच गेले नव्हते, आणि लेखकांना सूचनाच तशी होती की चार आकडे आणि एक दशांश, मनाला येईल तो घ्या. त्या आकड्यांना अर्थ नव्हता. तरीही त्या सुट्टीतल्या दुपारी वाया गेल्या असं मला आजही वाटत नाही. कुणीतरी मन लावून एक जग उभं केलं आहे एवढ्या विश्वासावर मी ते आकडे लिहीत होते, आणि तो विश्वास काही खोटा ठरला नाही.

बाबचं आणि माझं एका गोष्टीवरून कायमचं बिनसलेलं आहे, ती म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगन या परग्रहावरच्या जमातीची कपाळं. साठच्या दशकातल्या मालिकेत क्लिंगन म्हणजे जाड भुवया आणि गडद रंग फासलेली माणसं. तेवढाच रंगभूषेचा खर्च परवडत होता. १९७९ मध्ये पहिला चित्रपट आला (आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा डोकं भादरून ज्यात होती तो), हातात पैसा आला, आणि क्लिंगनांच्या कपाळावर हाडांच्या कडा उगवल्या. कुणी काही खुलासा केला नाही. मग १९९६ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या 'स्टार ट्रेक' मालिकेतली मंडळी काळात मागं जाऊन १९६७ च्या एका जुन्या भागात शिरतात, अगदी जुन्या चित्रफितीत बेमालूम मिसळून. तिथं त्यांना सपाट कपाळाचे क्लिंगन दिसतात. सगळे वळून वॉर्फकडे पाहतात, कारण तो त्यांच्यातला क्लिंगन. आणि तो एवढंच म्हणतो की हे आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही.

२००५ मध्ये आणखी एका मालिकेनं दोन भाग खर्चून रीतसर उत्तर दिलं: एक प्रयोग फसला, विषाणू पसरला, कपाळं सपाट झाली. बाबला ते उत्तर फार आवडतं. तो तारवटी, सहा-सहा महिने बोटीच्या इंजिनरूममध्ये काढतो, आणि कुठलाही आवाज कुठून येतो हे कळल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. मला वॉर्फचं उत्तर पुरतं, पुरतं काय, त्यात क्लिंगन मला पहिल्यांदा माणसासारखे वाटले. अशी घरं मी पाहिली आहेत. आमच्या गावातही एका घराण्याच्या मागच्या पिढीतलं काहीतरी होतं, सगळ्यांना माहीत होतं, आणि तुळशीकट्ट्याच्या अलीकडे ते कधी आलं नाही. विषाणूनं ती जागा भरली, पण त्या गप्प राहण्यातलं वजन गेलं. बाबला हे पटत नाही. बोटीवरून सुद्धा तो मला याविषयी निरोप पाठवत असतो.

आता माझ्या आजोबांकडे येते.

आजोबा गावच्या उत्सवातल्या नाटकांचे प्रॉम्प्टर. आमचं गाव अंत्रुज महालातलं, देवळाचा उत्सव आला की मराठी नाटक ठरलेलं. पालखी आत जायची, खाज्यांच्या दुकानांपुढची गर्दी पांगायची, आणि मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी पेटीचा सूर लागायचा. नट सगळे गावचेच: कुणी बागायतदार, कुणी मास्तर, कुणी पणजीला कचेरीत. मी सात-आठ वर्षांची असताना आजोबा मला विंगेत आपल्या पायाशी बसवून घेत. त्यांच्या मांडीवर संहिता, हातात बॅटरी, आणि ओठ सतत हलते.

त्या वर्षीचं नाटक ऐतिहासिक होतं. दोन अंक ज्यानं सरदाराचं काम केलं तो उंच, खणखणीत आवाजाचा माणूस मला फार आवडला होता. तिसऱ्या अंकाचा पडदा उघडला आणि सरदार म्हणून भलताच कुणीतरी आत आला, बुटका, थोडा घोगरा. अंगरखा त्याला पायघोळ होत होता. मी आजोबांचं धोतर ओढलं. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण घाबरलं की कोंकणीच यायची. "तो आदलो खंय गेलो?"

आजोबा ओळ चुकवू शकत नव्हते. दोन वाक्यांच्या मधे त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "हाच तो. बघ, फेटा तोच आहे ना?"

फेटा तोच होता. मी पाहिला, आणि पुढं नाटक पाहायला लागले. मंडपातल्या कुणीच काही विचारलं नाही. शेवटी सरदार पडला तेव्हा बायका तितक्याच रडल्या.

१९६६ मध्ये विल्यम हार्टनेल या पहिल्या डॉक्टरची तब्येत ढासळली तेव्हा बीबीसीच्या लोकांनी हेच केलं. डॉक्टर जमिनीवर कोसळतो, उजेड पसरतो, आणि उठतो तो पॅट्रिक ट्राउटन. चेहरा वेगळा, उंची वेगळी, बोलणं वेगळं. हाच तो. पुढं याच युक्तीवर मालिका साठ वर्षं चालली. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पेटीचा सूर ऐकू आला.

पण 'आदलो खंय गेलो' याचं उत्तर आजोबांनी मला दिलं नव्हतं, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. तो प्रश्न मनात पुन्हा उठला तो 'बॅबिलॉन ५'मुळे.

ही नव्वदच्या दशकातली मालिका. आखातात नोकरीला असलेल्या मावसभावानं तिच्या सगळ्या डिस्क आणून दिल्या आणि आम्ही तिघांनी एका मे महिन्यात त्या फडशा पाडल्यासारख्या पाहिल्या. जे. मायकल स्ट्राझिन्स्की या एकाच माणसानं ११० पैकी ९२ भाग लिहिले, आणि पाच वर्षांची कथा आधीच मनात मांडलेली. पण माणसं पाच वर्षं टिकतील याची खात्री कोण देणार? म्हणून त्यानं जवळजवळ प्रत्येक पात्रासाठी एक चोरवाट ठेवली होती. नट गेला तर कथा त्या वाटेनं पुढं सरकेल. पहिल्या वर्षी अंतराळस्थानकाचा प्रमुख होता कमांडर सिंक्लेअर. त्याच्या आयुष्यातले चोवीस तास हरवलेले आहेत, ते कुठं गेले हे शोधणं हाच त्या वर्षाचा कणा. काम करणारा नट मायकल ओ'हेअर. दुसऱ्या वर्षी पाहावं तर प्रमुखाच्या खुर्चीत दुसराच. सिंक्लेअरला दूरच्या एका ग्रहावर राजदूत म्हणून पाठवलं, एवढं सांगून कथा पुढं.

चाहत्यांत वर्षानुवर्षं तर्क चालले. काढून टाकलं, जमत नव्हतं, वाहिनीला मोठं नाव हवं होतं. स्ट्राझिन्स्की एवढंच म्हणत राहिला की दोघांनी मिळून, समजुतीनं घेतलेला निर्णय आहे. मीही त्या मे महिन्यात बोलले होते. हा माणूस फार ताठ आहे, म्हणाले. चेहरा हलत नाही, आवाज छातीत अडकल्यासारखा. गेला ते बरं झालं, हे शब्द माझे. मैत्रिणीला ते अजून आठवतात.

ओ'हेअर सप्टेंबर २०१२ मध्ये गेला. त्यानंतरच्या वर्षी चाहत्यांच्या एका मेळाव्यात स्ट्राझिन्स्कीनं सगळं सांगितलं. पहिल्या वर्षाचं चित्रीकरण चालू असतानाच ओ'हेअरला भास व्हायला लागले होते, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटायला लागलं होतं, आजार बळावत होता. स्ट्राझिन्स्की मालिका काही महिने थांबवायला तयार होता. ओ'हेअरनंच नको म्हटलं, कारण थांबली तर मालिकाच बुडेल आणि इतक्या लोकांची पोटं मारली जातील. त्यानं वर्ष पुरं केलं, आणि मग उपचारांसाठी बाहेर पडला. ही गोष्ट मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही, असं स्ट्राझिन्स्कीनं वचन दिलं तेव्हा ओ'हेअर म्हणाला की तू मरेपर्यंत नको, मी मरेपर्यंत पुरे. आपल्या माघारी लोकांना ते कळावं, अशी त्याची इच्छा होती.

उपचारांनी थोडा उतार पडल्यावर तो १९९६ मध्ये दोन भागांसाठी परत आला. हरवलेल्या चोवीस तासांचा धागा तिथं येऊन मिटतो. सिंक्लेअर हजार वर्षं मागं जातो आणि ज्या परक्या लोकांशी तो एकदा लढला होता त्यांचाच पुराणपुरुष होतो. कथा पुरी करायला तो माणूस परत आला. आता मी पहिलं वर्ष पुन्हा पाहते तेव्हा तो ताठपणा मला वेगळा दिसतो. पहाटे चारला अंगात ताप घेऊन रंगमंचावर उभा राहिलेला माणूस जसा खांद्यांतून स्वतःला धरून ठेवतो, तसं काहीतरी. मी जे बोलले होते ते परत घेता येत नाही. निदान इथं लिहिते आहे.

ते कळल्यावर, त्याच दिवाळीत मी गावच्या घरी माळ्यावरची आजोबांची पेटी काढली. संहिता सगळ्या होत्या, वाळवीनं थोड्या खाल्लेल्या. त्या नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या वर समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "येथून दुसरा. आधीच्यास घरून निरोप, वडील वारले. तोंडाचा रंग न पुसताच गेला." खाली दुसरी ओळ, वेगळ्या पेन्सिलीची, पुढच्या वर्षीची तारीख घालून: "फक्त तिसरा अंक पुन्हा केला. आधीच्याने केला."

फक्त तिसरा अंक! मला त्याचं काहीच आठवत नाही. त्या वर्षी मी तापानं घरी पडून होते असं आई म्हणते. पण गावानं एका रात्री उत्सवाच्या मुख्य नाटकाआधी, मागच्या वर्षीचा एकच अंक, आधीचं काही नाही, पुढचं काही नाही, मांडव भरून पाहिला. आदल्याला आपला सरदार पुरा करता यावा म्हणून. आईला एवढं आठवतं की त्या वर्षी रडायला पहिल्या ओळीपासूनच सुरुवात झाली होती.

म्हणून नटांच्या मुलाखती मी मन लावून ऐकते. काही जण त्यांना कुचाळक्या समजतात. बाब बोटीवर जाताना शेकडो तासांच्या मुलाखती भरून नेतो आणि त्यातलं निवडक मला कळवतो. त्यातला प्रत्येक शब्द पुरावा म्हणून धरता येत नाही, हेही खरं. नट तीच आठवण तीस वर्षं सांगतात, सांगता सांगता ती हात फिरून फिरून गुळगुळीत होते. कोर्टनीची एक आठवण अशीच. १९७० च्या एका कथेत त्याला डोळ्यावर काळी पट्टी बांधून खुर्चीत पाठमोरं बसायचं होतं आणि गर्रकन वळायचं होतं. तो वळला तर समोरच्या प्रत्येकानं, नटांनी आणि तंत्रज्ञांनी, डोळ्यावर पट्टी बांधलेली. तो हसला नाही, सगळं वाक्य म्हणून मोकळा झाला. ही गोष्ट त्यानं इतक्या मेळाव्यांत सांगितली की चाहते त्याच्याबरोबर शब्द म्हणत. आरती पाठ असली तरी आपण पुन्हा म्हणतोच ना, तसं.

कधी कधी तर नटच भोक बुजवतो. 'स्टार ट्रेक'मध्ये खान हा खलनायक आला तो पहिल्या वर्षी, १९६७ मध्ये. चेकॉव्हचं काम करणारा वॉल्टर कोनिग मालिकेत आला दुसऱ्या वर्षी. आणि १९८२ च्या चित्रपटात खान चेकॉव्हकडे पाहून म्हणतो की मी चेहरा विसरत नाही. कोनिग सांगायचा, चेकॉव्ह तेव्हा जहाजावर होताच, फक्त खालच्या मजल्यावर. एकदा तो न्हाणीघर अडवून बसला आणि खान बाहेर ताटकळला, म्हणून तो चेहरा त्याच्या डोक्यात बसला. मी हे उत्तर वहीत लिहून ठेवलं आहे. २००५ च्या विषाणूपेक्षा मला ते जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ज्यानं ते पात्र अंगावर वागवलं त्यानंच ते दिलं. आणि त्याच मालिकेत उहुराचं काम करणारी निशेल निकल्स पहिल्या वर्षानंतर सोडून जाणार होती, मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांब म्हटलं, हे तिच्याच तोंडून ऐकल्यावर उहुरा खुर्चीत नुसती पाठमोरी बसलेली दिसली तरी माझी नजर तिथं ठरते.

तर, त्या जुलैतल्या रविवारचं राहिलंच.

वाद मिटला नाही. वीज होती तोवर बाबनं २०११ मधला एक भाग लावला, मावशींना दाखवायला. कोर्टनी त्या वर्षी फेब्रुवारीत गेला होता. ऑक्टोबरमध्ये दाखवलेल्या या भागात डॉक्टर मरण टाळत पळतो आहे, आणि मधेच जुन्या मित्राला फोन लावतो. पलीकडे शुश्रूषागृहातली बाई. ती सांगते, ब्रिगेडिअर गेले, काही महिने झाले, शांतपणे गेले. तुमच्याविषयी नेहमी बोलायचे. तुम्ही आलात तर, म्हणून ब्रँडीचा एक पेला जास्तीचा भरून ठेवायला लावायचे. डॉक्टर काही बोलत नाही. फोन ठेवतो, आणि पळणं थांबवतो.

मावशींनी वाती बाजूला ठेवल्या होत्या. "म्हणजे सर्व्हिस बुक बंद केलं त्यांनी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं, "मुलंबाळं?"

"एक मुलगी, मावशी," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीच्या एका भागात येते. त्याच फौजेत, विज्ञानाचं खातं सांभाळते. वडिलांच्या नावाचा फायदा नको म्हणून आडनाव अर्धंच लावते."

"बरं केलं तिनं," मावशी म्हणाल्या, आणि दिवा लावायला आत गेल्या.